गालिच्याचं प्रमाणपत्र मैदानाला चालतं का, मंत्रिमहोदय?

मा. क्रीडामंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात माझ्या मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमच्या भागातल्या नव्या कृत्रिम गवतावर फुटबॉल खेळताना ती वळली, बूट मात्र रुतून राहिला. लिगामेंट तुटलं. वय सतरा.

मैदान दरवर्षी तपासलं जाईल, असं उद्घाटनात मंचावरून सांगितलं होतं. अहवाल मागायला गेले तर गवत बनवणाऱ्या कंपनीचा प्रयोगशाळेतला कागद पुढे केला. अहो, तो गालिच्याचा, म्हणजे नुसत्या गवताचा दाखला! फिफाच्या पद्धतीत अंथरलेलं मैदान वेगळं तपासतात. ४६ किलो वजनाखाली बुटाच्या तळाला असतात तसे स्टड लावलेली तबकडी गवतावर ठेवून फिरवतात. २५ ते ५० न्यूटन-मीटर जोर लागला तर ठीक. त्यापुढे पाय अडकणारच. धक्का किती शोषला जातो ते २० किलोचं वजन पाडून मोजतात. वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र वर्षभरच चालतं, कारण पाती झिजतात, गोलपुढचा, पात्यांमध्ये भरलेला रबरी चुरा उडतो, उरलेला दबून टणक होतो. आमच्याकडे नारळ फोडला तेव्हा तो किती उसळला, बहुधा तीच चाचणी धरली असावी.

खर्च कुणी ऐंशी लाख सांगतं, कुणी दीड कोटी. चाचणीला त्यातले दोन टक्के तरी लागले असते का? आणि मे महिन्यातल्या दुपारी, ग्वाल्हेरच्या पंचेचाळीस अंशांत, त्या काळ्या चुऱ्यावर एकदा हात टेकवून बघा. साठीच्या पुढे तापतो तो.

मी बिनपगारी रजेवर आहे. विम्यानं हात वर केले. रात्रभर पोर कण्हते, आणि सकाळी सासूबाई विचारतात, मुलीच्या जातीला फुटबॉल सांगितला कुणी? त्याचं उत्तर तुमचं खातं देणार आहे का?

हे हॉकीपटू कॅप्टन रूपसिंहांचं गाव. १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, आपण सातवे आलो, आणि आपल्याकडे असं मैदानच नाही म्हणून गळे काढले. आता मैदानं आली, तर मोजायला कुणी नाही. पुलाचं तेच, शाळेच्या छताचं तेच. आधी फीत कापायची, मग कोण पडतंय ते बघायचं.

बाहेरच्या प्रयोगशाळेकडून मैदान तपासून घ्या, अहवाल फाटकावर लावा, तोवर कुलूप घाला. ते जमणार नसेल तर कोनशिलेवर पाहुण्यांच्या नावांखाली बरीच जागा उरली आहे. जखमी मुलांची नावं तिथे कोरून घ्या.

आपली,
एका बचावपटूची आई
लष्कर, ग्वाल्हेर