पॉइंट किती ते नको, बसमध्ये किती तास ते छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सहलींच्या जाहिराती येतात त्याबद्दल लिहितेय, जमलं तर छापा, लांबलं असेल तर कापा पण तासांचं आणि पावसाचं तेवढं कापू नका. आमचा अमळनेरचा भिशीचा ग्रुप आहे, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, दोन-तीन जणींचे मिस्टरही येतो म्हणतात, आणि यावेळी भिशीच्या पैशांत श्रीलंकेला जायचं असं ठरतंय. मग काय, जो तो जाहिरातीचा फोटो ग्रुपवर टाकतो. "५ रात्री ६ दिवस, वीसपेक्षा जास्त पॉइंट, रामायण दर्शन, सोबत स्वयंपाकाला महाराज, शेवभाजी मिळेल." आणि खाली सगळ्यांचा एकच प्रश्न, कितला लागतीन ते सांग ना भो.

पैशाचं नंतर बघू, आधी तो कार्यक्रम कोणी नीट वाचलाय का? अशीच एक जाहिरात घेऊन मी नकाशा उघडून बसले. पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट सिगिरिया, दुसऱ्या दिवशी दांबुल्ला करून कँडी, तिसऱ्या दिवशी नुवारा एलिया, चौथ्या दिवशी एल्ला आणि त्याच संध्याकाळी ‘याला’ नावाच्या जंगलाजवळ मुक्काम, पाचव्या दिवशी पहाटे जीप सफारी, मग गॉलचा किल्ला, मग बेंटोटाचा बीच, सहाव्या दिवशी कोलंबोत शॉपिंग आणि विमान. लोकांना वाटतं देश केवढासा, ६५,६१० चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाचवा हिस्सा, सहा दिवसांत का नाही होणार. पण तिथे किलोमीटर मोजून काही कळत नाही. कोलंबो ते कँडी ११५ किलोमीटर आहे आणि तीन तास सहज लागतात, पुढे कँडी ते नुवारा एलिया ऐंशीच्याही आत आणि परत अडीच-तीन तास, कारण सगळा घाट, वळणावर वळण, चहाचे मळे संपतच नाहीत. विमानतळ ते सिगिरिया चार तास. एक्स्प्रेसवे आहे पण तो मुख्यतः दक्षिणेला, कोलंबो ते गॉल आणि पुढे हंबनटोटापर्यंत, आतल्या डोंगरात नाही. म्हणजे या कार्यक्रमात रोज तीन-चार तास बस, एखाद्या दिवशी पाच, आणि मध्ये मध्ये उतरून फोटो. बरं अमळनेरहून मुंबईला जायचे रेल्वेचे सात-आठ तास यात धरलेलेच नाहीत, मुंबईहून कोलंबोचं विमान अडीच तासांचं आणि आपला गुडघा विमानात बसायच्या आधीच आखडलेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की आठवडाभराच्या सहलीत मुक्कामाच्या जागा तीन, फार तर चार ठेवा आणि बाकीचं सोडून द्या. सोडून द्या म्हटलं की आमच्या ग्रुपमध्ये लगेच चेहरे पडतात, एवढे पैसे भरायचे आणि बघायचं कमी का? पण रोज सकाळी सहाला बॅग भरून दारात ठेवायची, नाष्टा हातात घेऊन बसमध्ये चढायचं, याला बघणं म्हणतात का ताई?

सिगिरिया मात्र सोडायचं नाही, आणि आपण खान्देशातल्या लोकांनी तर अजिबात नाही. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजाने दोनशेएक मीटर उंच अशा सुट्या कातळावर राजवाडा बांधला, आणि चढताना मध्यावर कपारीत बायकांची चित्रं रंगवलेली आहेत, हातात फुलं, अंगावर दागिने, कमरेखाली ढग. कश्यपाचं राज्य ४७७ ते ४९५. आता आपलं अजिंठा बघा, तिथली सोळा-सतरा नंबरची लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकाचा तोच उत्तरार्ध. इकडे वाघूर नदीच्या वळणावर चितारी काम करत होते तेव्हा तिकडे समुद्रापलीकडेही कोणीतरी ओल्या-सुक्या भिंतीवर तसेच डोळे, तसेच हात काढत होतं. म्हणून मी ग्रुपला सांगितलंय, जायच्या आधी एक रविवार काढून अजिंठा परत बघून येऊ, शाळेच्या सहलीत बघितलेलं कोणाला आठवतंय? जळगावहून साठेक किलोमीटर तर आहे. मग तिथे गेल्यावर गाईडने काही नाही सांगितलं तरी डोळ्याला कळेल.

सिगिरियाला पायऱ्या बाराशेच्या आसपास आहेत, त्यामुळे गेट उघडायला तिथे हजर पाहिजे, दहानंतर चढायला लागलात तर कातळ तापतो. जाहिरातीतल्यासारखं विमानातून उतरून दुपारी तीनला पोचून चढवणं म्हणजे ज्येष्ठांवर अन्यायच. चित्रांपाशी फोटो काढायला मनाई आहे हे आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथे वाद होतात. त्याच वाटेवर एक गुळगुळीत भिंत आहे, तिच्यावर हजारेक वर्षांपूर्वी आलेल्या लोकांनी चित्रातल्या बायकांवर कविता कोरून ठेवल्यात. त्यांचं कौतुक झालं, आपण आपलं नाव कोरायला जाऊ नका. ज्यांना पायऱ्या जमणार नाहीत त्यांनी खालच्या बागा बघाव्यात आणि दांबुल्लाची लेणी करावीत, तिथेही चढण आहे पण बरीच कमी, पाच गुहा, आत बुद्धमूर्ती आणि छतभर रंगकाम.

आमच्यातल्या दोघींना अनुराधापूरला जायचं आहे, त्या बौद्ध आहेत आणि त्यांचं बरोबर आहे, सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी नेली ती तिथे लावली, ते झाड आजही आहे, आणि जवळच मिहिंतलेला अशोकाचाच मुलगा, भिक्खू महिंद थेर पहिल्यांदा आले असं मानतात. सिगिरियाला दोन रात्री ठेवल्या तर एक पूर्ण दिवस अनुराधापूरला देता येतो, जाऊन येऊन. जाहिरातीतल्या कार्यक्रमात अनुराधापूर कुठेच नाही, पण बेंटोटाचं वॉटर स्पोर्ट्स आहे. ज्यांचा गुडघा पायऱ्यांना नको म्हणतो त्यांना जेट स्कीवर बसवणार काय, देव जाणे.

आता पावसाचं. आपल्याकडे सहल निघते दोनदाच, दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात, कारण पोरांच्या शाळा. पण श्रीलंकेला पाऊस दोन बाजूंनी येतो. मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा, तो कोलंबो, गॉल आणि डोंगराच्या पश्चिमेला झोडपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो त्रिंकोमाली आणि पूर्व किनाऱ्याला. आणि या दोघांच्या मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे आपली दिवाळी, तेव्हा जवळजवळ सगळ्या बेटावर पाऊस असतो, वादळंही तेव्हाच यायची भीती, घाटात दरडी पडतात. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त बुकिंग त्याच आठवड्यात! जाहिरातीत फोटो मात्र निळ्या आकाशाचा. कँडी, नुवारा एलिया, दक्षिण किनारा यासाठी जानेवारी ते मार्च चांगला. ज्यांच्या घरात आता शाळेचं पोर नाही त्यांनी दिवाळीचा हट्ट कशाला धरायचा, कापूस विकला गेला की जानेवारीच्या शेवटी निघा, हरभऱ्याला पाणी द्यायला घरात कोणीतरी असतंच. उलट मे-जूनलाच जायची वेळ आली तर पूर्वेला त्रिंकोमालीकडे जा, तिथे तेव्हा कोरडं असतं, कोणेश्वराचं देऊळही तिथेच समुद्राच्या कड्यावर आहे.

उन्हाचं पण एक सांगते. आमचे एक भाऊ म्हणाले आम्ही जळगावचे पंचेचाळीस काढणारे, आम्हाला तिथलं एकतीस काय करणार. आपला उन्हाळा कोरडा असतो, घाम आला की वाळतो आणि अंग गार पडतं. तिथे हवेतच इतकं पाणी की घाम वाळतच नाही, अंगावर तसाच राहतो, एकतीसलाच जीव घाबरा होतो. सुती कपडे, भरपूर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, आणि रस्त्यावर मिळतं ते पिवळं शहाळं, त्याला तंबिली म्हणतात, ते प्या. नुवारा एलियाला मात्र स्वेटर लागतोच, ते १,८६८ मीटरवर आहे, जानेवारीत रात्री चांगलीच थंडी. एकाच बॅगेत दोन्ही भरायचं.

जेवणाबद्दल लिहायलाच पाहिजे कारण आमच्याकडे निम्म्या बायका पक्क्या शाकाहारी. तिकडे भाजीतसुद्धा सुक्या माशाचा चुरा घालतात, उंबलकड म्हणतात, नारळाची जी लाल चटणी असते पोळ संबोल तिच्यातही बहुतेकदा असतो. म्हणजे ताटात मासा दिसत नाही म्हणून ते शाकाहारी असं नसतं. "व्हेज" एवढं म्हणून भागत नाही, मासे नको, सुका मासा पण नको, असं गाईडकडून स्वयंपाकघरात सांगून घ्यायचं. पण म्हणून सहाही दिवस महाराजाच्या हातची शेवभाजी? मला नाही पटत. शेवभाजी घरी आहेच की. मसुराची नारळाच्या दुधातली डाळ, कच्च्या फणसाची भाजी, आणि वांग्याचं मोजू म्हणून तळलेल्या वांग्याचं आंबट-गोड-तिखट करतात, भरीत खाणाऱ्या माणसाने ते खाल्लंच पाहिजे. आणि केळी, रावेर-यावलच्या मंडळींनी तिथली ती लहान आंबटसर अंबुल केळी खाऊन बघावी आणि मग काय ते मत द्यावं.

गाईड कसा पाहिजे हेही विचारा. तिथे पर्यटन खात्याकडून गाईडला लायसन मिळतं, गळ्यात कार्ड असतं, गाडी चालवणारा आणि माहिती देणारा एकच असेल तर त्यालाही वेगळं लायसन असतं. आपल्याकडून सोबत जाणारा टूर मॅनेजर वेगळा, तो फक्त माणसं मोजतो आणि नाष्ट्याची वेळ सांगतो. आणि दुकानं! सिगिरियाहून कँडीला येताना मातळेला मसाल्याच्या बागा लागतात, फुकट फिरवतात, मग आत नेऊन तेल आणि मलम विकतात, गुडघेदुखी, केस गळणं, सगळ्यावर एकच बाटली. कँडीत रत्नांची दुकानं. मागे आमच्या नात्यातल्या एका घराने अशाच एका टूरबरोबर गेल्यावर दलदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर, घाईघाईत बघितलं कारण आधीचा वेळ दुकानात गेला, दुकानाकडून कमिशन असतं हे त्यांना परत आल्यावर कळलं. आपल्या जळगावच्या सोन्यातलं आपल्या बायकांना कळतं हो, पण नीलमातलं काय कळणार. कार्यक्रमात दुकानाच्या थांब्याचा वेळ लिहून घ्या आणि नको असेल तर आधीच नको म्हणा.

मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, चप्पल बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, तिथे ते फार मनाला लावून घेतात. दर पौर्णिमेला पोया म्हणून सुट्टी असते, दारू विक्री बंद, काही मिस्टर लोकांनी तारीख बघून ठेवावी.

डोंगरातल्या रेल्वेचं कौतुक सगळीकडे ऐकलं असेल. कँडी ते एल्ला पूर्ण गाडीने गेलं तर सहा-सात तास जातात, त्यापेक्षा नुवारा एलियाजवळच्या नानुओया स्टेशनवरून एल्लापर्यंत बसायचं, तीनेक तास, सगळ्यात देखणा भाग तोच, आणि सामान घेऊन बस रस्त्याने पुढे जाते. त्याच दिवशी निघायच्या आधी सीता एलियाचं देऊळही होतं, ते गावाजवळच आहे, ओढ्यातल्या खडकावर मारुतीची पावलं म्हणून दाखवतात. एल्लापुढे नऊ कमानींचा पूल आहे, १९२१ चा, लोखंड न वापरता दगड-विटांचा, भुसावळच्या रेल्वेवाल्या घरांना तो जास्त आवडेल. आता समुद्राचं काय, तर आम्हा बिनसमुद्राच्या लोकांना समुद्र पाहिजेच हे मलाही मान्य आहे, पण त्यासाठी याला-गॉल-बेंटोटा पळायची गरज नाही, विमानतळाजवळ नेगोंबो आहे, शेवटची रात्र तिथे काढा, किनाऱ्यावर बसा, सकाळी विमान.

पैशात एक गोष्ट कोणी सांगत नाही. परदेशी पॅकेजवर जीएसटी असतो तसा टीसीएस, म्हणजे टूरवाला आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरतो तो कर, तो पण कापतात, तो पुढे रिटर्न भरताना मिळतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो. पण आमच्या भिशीत सगळ्यांचे पैसे एकीच्या खात्यात गोळा करून तिने भरायचे असं चाललं होतं, तसं केलं तर सगळा टीसीएस तिच्याच पॅनवर दिसणार आणि बाकीच्यांना काही मिळणार नाही. प्रत्येकीचं बिल वेगळं, पॅन वेगळा असंच करा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक पाहिजे, आणि ईटीए, म्हणजे तिथे जायची ऑनलाइन परवानगी, तिचे नियम आणि फी बदलत असतात, सरकारी साईटवरूनच बघा.

आता संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं. जाहिरात छापायचे तुम्हाला पैसे मिळतात, ते मिळू द्या, पण अर्ध्या पानात देशाची नावं आणि पॉइंट छापता तसा रोजचा बसचा वेळ, मुक्कामाची ठिकाणं आणि त्या महिन्यात तिथे पाऊस असतो का, एवढ्या तीन ओळी टाकायला टूरवाल्यांना सांगता येईल का? नाहीतर निदान पुरवणीत एकदा तुमच्याच माणसाकडून तसा तक्ता करून छापा, फक्त श्रीलंकेचा नको, थायलंड, व्हिएतनाम, बाली सगळ्यांचा, कारण पुढच्या भिशीत त्याचंच निघणार आहे. श्रीलंकेतल्या त्या रेल्वेची आरक्षित तिकिटं महिनाभर आधी उघडतात आणि लगेच संपतात, त्यामुळे जानेवारीचं ज्यांचं नक्की आहे त्यांच्यासाठी तो तक्ता नोव्हेंबरच्या आत आला तर बरं.

आपली एक वाचक,
अमळनेर (जि. जळगाव)