केसरबाईंच्या बाकीच्या रेकॉर्ड्सही ऐका की!

संपादक साहेब, स. न. वि. वि.

जयपूर घराण्याच्या गायिका केसरबाई केरकरांचा विषय निघाला की पेपरात काय आणि व्हॉट्सॲपवर काय, गाडी हमखास नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानावर जाऊन थांबते. १९७७ ला यान गेलं, त्यातल्या सोनेरी तबकडीवर बाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या, सगळं खरं, अभिमान मलाही आहेच, पण अहो त्या साडेतीन मिनिटांपलीकडे बाई काही गायल्याच नाहीत का?

मी त्यांचा जुना चाहता. त्यांचे नंद, ललितागौरी, मालकंस हे राग तर पाठच झालेत. पण हल्ली नट कामोद आणि कुकुभ बिलावल या जोडरागांच्या रेकॉर्ड्स परत लावल्या, कधीतरी ऐकून बाजूला पडलेल्या, आणि खरं सांगतो, उडालोच! ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात आलापाला वेळच नाही, बाई सरळ बंदिशीत शिरतात आणि तरी घाई कुठेच नाही. नट कामोदात नटाचे सूर पायरी पायरीने चढतायत तोवर मधेच कामोदाची ती रिषभावरून पंचमावरची उडी, आणि दोन्ही राग एकमेकांत असे मिसळलेले की जोड कुठे दिसत नाही. कुकुभात बिलावल चाललाय म्हणून आपण निवांत बसावं तर जयजयवंती डोकावून जाते. आणि आकाराची तान! संपली म्हणेपर्यंत अजून एक वळसा, तरी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोब्बर. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांच्याकडे १९२१ पासून तालीम आणि ते १९४६ ला गेले तोवर शिकणं चालूच, ते असं तीन मिनिटांत कळतं. (लांब मैफलीशिवाय जयपूर गायकी कळतच नाही म्हणणाऱ्यांशी माझं इथेच भांडण आहे.)

आता तक्रार. नेटवर यातलं बरंच मिळतं पण खरखर काढायच्या नादात काहींनी तंबोरा पण पुसून टाकलाय आणि बाईंच्या आवाजाची धारही, त्यांचा तो भरदार, खालच्या पट्टीतला आवाज अगदी सपाट होऊन जातो. कुठे तबकडी जास्त स्पीडने फिरवलीय, म्हणजे पट्टी वर आणि आवाज चिरका, आणि नवीन ऐकणारा म्हणतो ह्यात एवढं काय आहे. राहू द्या हो थोडी खरखर, कानाला सवय होते पाच मिनिटांत.

तेव्हा १३ जुलैला त्यांच्या जयंतीला काही छापणार असाल तर यानाची गोष्ट या वर्षी दोन ओळीत उरका आणि कुठलीही एक रेकॉर्ड घेऊन त्यावर जाणकाराकडून नीट लिहून घ्या. माझ्याकडून नट कामोदला मत. आणि ज्यांच्याकडे मूळ तबकड्या आहेत त्यांनी अपलोड करताना लेबलचा फोटो आणि रेकॉर्ड नंबर टाकावा, नुसतं 'रेअर केसरबाई' लिहून कुणाला काय समजणार?

आपला,
एक नियमित वाचक