गिअरबॉक्सचा हिशेब

कव्हेंट्री,
9 मार्च

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. रविवारी फोनवर तू विचारलेस की, माझदाचा पाच गिअरचा जुना बॉक्स 220 पाउंडांना मिळत असताना तो माझ्या गाडीत बसवण्यासाठी मी 2,400 पाउंड का बाजूला काढून ठेवले आहेत. तेव्हा घरात पाहुणे होते, त्यामुळे धड बोलता आले नाही. ज्याच्या घरात दोन पिढ्या गिअर कापले जात आहेत त्याला दोन वाक्यांत उत्तर देणे मलाही बरे वाटले नसते, म्हणून सगळा हिशेब सविस्तर लिहितो. शिवाय तुझ्याकडे एक कामही आहे.

आधी मूळ दुखणे सांगतो. गाडी 1971 ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1,798 सीसीचे इंजिन, चार गिअर, ओव्हरड्राइव्ह (मोटरवेवर इंजिनच्या फेऱ्या कमी करणारी जोड) नाही. ऑक्टोबरात तिला मॅलरी पार्कच्या ट्रॅकवर नेली होती. तिथे शॉज हेअरपिन नावाचे अगदी अरुंद वळण आहे. त्याच्या आधी ब्रेक मारून तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना दर फेरीला खर्रकन आवाज येई आणि दुपारनंतर तर दांडा हाताला मागे ढकलू लागला. घरी येऊन गिअरबॉक्सचे ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढले. या बॉक्समध्ये इंजिनचेच 20 डब्ल्यू 50 ऑइल घालतात. त्या काळपट ऑइलवर सोनेरी भुकटीची साय धरल्यासारखी दिसत होती आणि चिमटीत घेतली तर कपड्यावरच्या चमकीसारखी बोटाला चिकटून राहत होती. लोहचुंबक फिरवला, त्याला जवळजवळ काहीच लागले नाही. म्हणजे दाते आणि बेअरिंगे शाबूत आहेत, गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा मात्र झिजून गेल्या आहेत.

आता तू म्हणशील, मग रिंगा बदल आणि मोकळा हो. तो पर्याय मी खरोखर तोलून पाहिला, कारण तो सर्वांत स्वस्त आहे. पण या गाडीचे खरे दुखणे दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधल्या अंतरात आहे. तिचे प्रमाण (बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीमागे इंजिनच्या फेऱ्या) पहिल्यापासून 3.44, 2.167, 1.382 आणि 1. दुसऱ्यात मिनिटाला 6,000 फेऱ्यांपर्यंत ताणून तिसरा टाकला की इंजिन थेट 3,800 च्या आसपास येऊन पडते आणि चढावर तिथून वर यायला त्याला फार वेळ लागतो. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 च्या पाच गिअरच्या बॉक्सचे प्रमाण 3.136, 1.888, 1.33, 1 आणि 0.814 आहे; त्यात हाच बदल केला तर इंजिन 4,200 च्या वर राहते. त्या चारशे फेऱ्या मला हव्या आहेत. फोर्ड सिएराचा टाइप 9 हा बॉक्सही इथे पुष्कळ जण बसवतात आणि त्याचे दुसऱ्या-तिसऱ्याचे अंतर चांगले आहे. पण त्याचा पहिला 3.65 चा, त्यामुळे पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना 6,000 वरून 3,200 पर्यंत घसरण होते. तो मी सोडून दिला. सरळ दात्यांचा क्लोज-रेशो, म्हणजे जवळजवळच्या प्रमाणांच्या गिअरांचा, संच मूळ बॉक्समध्ये बसवणे हा सर्वांत देखणा उपाय, पण नुसत्या संचासाठीच मला 2,000 पाउंडांच्या वरचा आकडा सांगितला गेला.

पाचव्या गिअरचा ट्रॅकवर काडीचाही उपयोग नाही, हे आधीच कबूल करतो. गाडीचा कमाल वेगच ताशी 105 मैलांच्या आसपास आहे आणि तेवढ्याला चौथा पुरतो. त्याचा उपयोग घरी परतताना आहे. ब्रँड्स हॅचचा ट्रॅक केंटमध्ये, म्हणजे इथून दोन तासांहून अधिक मोटरवे. ताशी 70 मैलांना चौथ्यात इंजिन 3,900 ने ओरडत असते, पाचव्यात ते 3,200 च्या खाली येईल. ज्या गाडीने दिवसभर ट्रॅकवर धावायचे आणि त्याच चाकांवर घरीही यायचे, तिच्या बाबतीत ही चैन म्हणता येणार नाही.

आता पैसे. एमजीबीचा गिअरबॉक्स खालून निघत नाही; इंजिन आणि बॉक्स एकत्र, बॉनेट काढून, वरून उचलावे लागतात. माझे सगळे अंदाजपत्रक या एका गोष्टीवर उभे आहे. एकदा इंजिन बाहेर आले की क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, क्रँकचे मागचे ऑइल सील, स्पिगॉट बुश (क्रँकच्या टोकात बसून बॉक्सच्या शाफ्टला आधार देणारे) आणि इंजिनची फाउंडेशन रबरे बदलायचीच, कारण पुढच्या वर्षी दहा पाउंडांच्या सीलसाठी पुन्हा तोच खटाटोप करण्याची माझी तयारी नाही. क्लचचे 160 आणि बाकी फुटकळचे 90 पाउंड धरले आहेत. सर्वांत मोठा आकडा जोडणीच्या संचाचा, 1,150. त्यात माझदाचा बॉक्स एमजीच्या इंजिनाला जोडणारे घंटेच्या आकाराचे आवरण म्हणजे बेल हाउसिंग, माझदाच्या शाफ्टवरच्या खाचांना (स्प्लाइनला) जुळणारा हब आणि मागचा आधार येतो. माझदात बॉक्सचे शेपूट आणि डिफरेन्शिअल एका लांब अॅल्युमिनियमच्या चौकटीने जोडलेले असतात. ती चौकट एमजीत नाही, म्हणून आधार नव्याने करावा लागतो. बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलून, पुढची फ्लँज बदलून, बॅलन्स करून घ्यायला 190. स्पीडोमीटर नव्याने जुळवून घ्यायला 130, चेन ब्लॉक आणि घोडी भाड्याने 60, ऑइल व कूलंट 70. बॉक्सचे 220 धरून बेरीज 2,070 होते आणि उरलेले सव्वातीनशे-साडेतीनशे मी राखून ठेवले आहेत. ज्या बॉक्सवर तुझी नजर गेली, तो बाजूला काढलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

राखीव रकमेला मी हात लावू देणार नाही. भंगारातून आलेल्या एमएक्स-5 च्या बॉक्समध्येही दुसरा गिअर थंडीत अडतो, ही त्याची जुनी खोड आहे. त्यामुळे बॉक्स बसवण्याआधी उघडून रिंगा पाहायच्या आणि वाईट निघाल्या तर त्याच पैशांतून बदलायच्या. मजुरी माझी मीच करणार आहे, म्हणून ती लिहिलेली नाही. बाहेर दिले असते तर हा आकडा कितीतरी वर गेला असता. विम्याच्या कंपनीला हा बदल कळवून झाला आहे.

मूळ बॉक्स विकणार नाही. ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींत त्या काळचाच गिअरबॉक्स असावा असा नियम असतो, आणि कधी त्या वाटेला जावेसे वाटले तर नव्या बॉक्सने ते दार बंद होईल. तो ऑइलमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवतो आहे. रिंगा सवडीने बदलीन.

आता तुझे काम. क्लच दाबणारा हायड्रॉलिक सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत, शाफ्टभोवती बसवण्याची सोय संचात आहे आणि बाहेर बसवण्याचीही. आतला सुटसुटीत, पण तो गळू लागला तर इंजिन पुन्हा बाहेर. माझा कल बाहेरच्याकडे आहे. तुझे मत कळव. दुसरे असे की, बेल हाउसिंगचे मध्य क्रँकच्या मध्याशी जुळले नाही तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग थोड्या दिवसांत बोलू लागेल, हे तूच मला भोसरीच्या शेडमध्ये पहिल्यांदा दाखवले होतेस. ते तपासल्याशिवाय मी बॉक्स आवळणार नाही. जूनमध्ये येताना हे मध्य तपासायला काकांचा तो जुना डायल गेज आणि चुंबकाचा स्टँड घेऊन ये. इंजिन मी 14 तारखेच्या शनिवारी उतरवून ठेवीन आणि फ्लायव्हील लावून तुझी वाट पाहीन.

काकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
संजय