अमेरिकेची वाट सोडली: मिरजेला आई-बाबांना पत्र

पुणे,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

अमेरिका आता व्हिसाला एक लाख डॉलर मागते आहे अशी बातमी पाहून बाबांनी मला फोनवर विचारले होते की, मग तुझ्या कामाचे काय. मी तेव्हा विषय बदलला, कारण उत्तर फोनवर मावणारे नव्हते, आणि बाबा फोनवर नुसते "बरं, बरं" म्हणतात, त्यातून त्यांच्या मनात काय चालले आहे ते मला कधीच कळत नाही. आता सगळे ठरले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अमेरिकेची वाट पाहणे मी थांबवले आहे. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयाचे नेमणूकपत्र माझ्या हाती आहे, व्हिसाही मिळाला आहे आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी निघणार आहे. आई, एवढे वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढचे सगळे वाच.

ते लाख डॉलर ज्या व्हिसाचे आहेत तो कंप्युटरवाल्यांचा व्हिसा. माझ्यासारख्या नर्सला तो सहसा मिळतच नाही, कारण अमेरिकेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम करूनही नर्सचा परवाना काढता येतो, म्हणून हे काम पदवीशिवाय न होणाऱ्या कामांत धरले जात नाही. नर्सेससाठी म्हणून एक छोटा तात्पुरता व्हिसा पूर्वी होता, तो 2009 मध्ये बंद झाला. मग उरते ती थेट ग्रीन कार्डाची वाट. गंमत अशी की, नर्सेसचा तुटवडा आहे हे अमेरिकेच्या कामगार खात्यालाच मान्य आहे. "जाहिरात दिली, पण इथला माणूस मिळाला नाही" हे सिद्ध करण्यातूनही त्यांनी रुग्णालयांना सूट दिलेली आहे. पण ही सूट दाराशी येईपर्यंतच कामाची. आत गेल्यावर आम्ही इतर सगळ्यांच्याच रांगेत उभे राहतो. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डे वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जायची नाहीत, असा कायदा आहे. त्यामुळे भारतीयांच्या रांगेत सध्या 2013 साली अर्ज दाखल झालेल्यांचा क्रमांक लागतो आहे, आणि फिलिपिन्सच्या रांगेत 2023 सालच्यांचा. अमेरिकेच्या नर्सिंग परवान्याची परीक्षा तीच एनक्लेक्स, वॉर्डही तोच, फक्त पासपोर्ट वेगळा. माझा अर्ज 2021 चा आहे. बाबा, तुमच्या रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर आमची गाडी आउटर सिग्नलला उभी आहे, स्टेशन समोर दिसते आहे, प्लॅटफॉर्म रिकामा आहे, पण ती आत घ्यायची परवानगी ना स्टेशनमास्तरच्या हातात, ना ड्रायव्हरच्या.

बरे, नुसते उभे राहणे तरी फुकट असावे, तर तसेही नाही. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षे चालतात आणि परदेशी नर्सची कागदपत्रे तपासून मिळणारे व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र पाच वर्षे. म्हणजे क्रमांक येईपर्यंत सगळे पुन्हा पुन्हा काढा आणि प्रत्येक वेळी डॉलरमध्ये पैसे भरा. वापराविना पडून राहिलेले 40 हजार व्हिसा बाहेर काढून त्यांतले 25 हजार नर्सेसना द्यावेत, असे एक विधेयक तिथल्या संसदेत 2020 पासून पुन्हा पुन्हा मांडले गेले आहे आणि अजून पारित झालेले नाही. "यंदा नक्की होईल" हे एजन्सीवाल्याचे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, आता तो बोलायच्या आधी मीच ते म्हणून दाखवतो. ब्रिटनचाही विचार केला होता, पण तिथे कायमच्या वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षे थांबावे लागेल असा प्रस्ताव यंदाच्या मे महिन्यात सरकारनेच मांडला, तेव्हा तो विषय मी तिथेच संपवला.

इथेच का राहिलो नाही, हा बाबांचा प्रश्न मला माहीत आहे. सरकारी भरतीची वाट मी पाहिली नाही असे नाही. एम्सच्या भरतीत ऐंशी टक्के जागा महिलांसाठी आहेत, आणि इतर ठिकाणी निघतात त्या बहुतेक कंत्राटी. खासगी रुग्णालयात रात्रपाळीला संपूर्ण वॉर्ड एका सिस्टरच्या आणि माझ्या अंगावर असतो, आणि महिन्याच्या शेवटी जो पगार येतो त्यातून पुण्याचे भाडे आणि मनूची फी भागवून काय उरते, हे दीपालीच्या डायरीत लिहिलेले आहे. "आपल्या लोकांची सेवा सोडून कुठे चाललास" असे तुम्ही म्हणणार नाही, पण कुपवाडची आत्या नक्की म्हणेल. मुलगा होऊन नर्सिंगला गेला म्हणून जी आत्या लग्नात बोलली होती, तीच. तिला तुम्ही काही उत्तर देऊ नका, मी आल्यावर बघतो.

जर्मनीलाही माणसे कमीच पडत आहेत. त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाचाच अंदाज आहे की, 2049 पर्यंत किमान 2 लाख 80 हजार शुश्रूषा कर्मचारी कमी पडतील. तिथे देशनिहाय रांग नाही. जो अडथळा आहे तो भाषेचा आणि आपल्या नर्सिंगच्या शिक्षणाला तिथे मान्यता मिळण्याचा, आणि तो अभ्यास करून ओलांडता येतो, एवढाच फरक माझ्यासाठी पुरेसा होता. बी-टू, म्हणजे वरच्या मध्यम पातळीचे जर्मन मी रात्रपाळी उतरल्यावर शिकलो. मागच्या वर्षी दिवाळीत मी घरी "झोप येते" म्हणून माळ्यावर जात होतो, तो परीक्षेची उजळणी करायला. आपल्या कॉलेजातून प्रत्येक विषयाचे तास लिहून आणले, शपथबद्ध भाषांतरकाराकडून ते जर्मनमध्ये करून घेतले आणि तिथल्या राज्याच्या कार्यालयाला पाठवले. त्यांनी एकेक तास मोजून कळवले की, वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा भाग आमच्याकडे कमी पडतो. तो तिथे जाऊन भरून काढायचा, नाही तर रुग्णांसमोर प्रत्यक्ष काम करून, जर्मनमध्ये बोलून एक परीक्षा द्यायची. ती एकदाच पुन्हा देता येते. मुदत दोन वर्षांची आहे, वाढवून मिळाली तर तीन. आपल्या महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा जो करार केला, त्याबद्दल मामा विचारत होते. राज्य तेच आहे, पण मी त्या योजनेतून जात नाही. माझा अर्ज रुग्णालयाने थेट घेतला आणि तिकीट, भाषांतर, फी हा खर्च त्यांनीच केला आहे. म्हणून बाबा, मालगावच्या प्लॉटला गिऱ्हाईक बघायचे नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे दुसऱ्याकडून कळून वाईट वाटायला नको. पूर्ण मान्यता मिळेपर्यंत मला तिथे मदतनीस म्हणूनच धरतील आणि पगारही त्याच दराने मिळेल. रुग्णांना आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे ही कामे आपल्याकडे नातेवाईक किंवा वॉर्डातल्या मावशी करतात; तिथे ती नर्सचीच असतात, अनुभव दहा वर्षांचा असो की एक दिवसाचा. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आजीच्या शेवटच्या वर्षी मी तेच करत होतो, आणि बाबांनी तेव्हा पाहुण्यांसमोर मला जे म्हटले होते ते मी विसरलेलो नाही.

राहायला रुग्णालयाच्याच आवारात खोली आहे, खोलीत हीटर आहे, स्वयंपाकघर तीन जणांत सामाईक आहे आणि त्यांतला एक मुलगा केरळचा आहे. तांदूळ, डाळ, मसाले जवळच्या तुर्की दुकानात मिळतात, त्यामुळे जेवणाची काळजी करू नकोस, आई. गरम कपडे इथून घेऊन जायचे नाहीत, तिथलेच चांगले असतात. तू विणायला घेतलेला स्वेटर तेवढा मात्र नेणार आहे. दीपाली आणि मनू सध्या येणार नाहीत. घर आणि पुरेसा पगार दाखवल्याशिवाय कुटुंबाला नेणे अवघड असते, आणि तो पगार मान्यतेनंतरचा. मनूची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये दोघी मिरजेला येतील. दीपालीने सांगलीतल्या एका लॅबमध्ये बोलून ठेवले आहे. हे सगळे आम्ही तुमच्यावर लादत आहोत असे मला रात्री वाटते, आणि सकाळी वाटते की निदान तुमच्याजवळ कोणीतरी असेल. दोन्ही खरे आहे.

बाबा रात्रपाळीहून यायचे तेव्हा डब्यात मुद्दाम ठेवलेली अर्धी पोळी आणि गूळ मला मिळायचा, आणि तो खाईपर्यंत मी शाळेचे दप्तर भरायचो नाही. तुम्ही जेवत नव्हता का पूर्ण, हे मला मोठा झाल्यावर सुचले. मनूला आता असा डबा कोण देणार, हा प्रश्न मी दीपालीला विचारला तर ती म्हणाली, आजोबाच देतील.

आता ब्रदर, म्हणजे वॉर्डातला नर्स म्हणून सांगतो, मुलगा म्हणून नाही. बाबा, इन्सुलिनची नवी पेन फ्रीजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, आणि एकाच जागी टोचायचे नाही. तुमच्या पोटावर डाव्या बाजूला गाठ झाली आहे ती मी पाहिली आहे. रोज झोपताना आईने तुमचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. हातपाय थरथरले, घाम आला, तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, मग मला फोन करायचा. आई, गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून रोज खाणे बंद कर, त्या किडनीवर जातात. रेल्वेच्या दवाखान्याचे उमीद कार्ड कपाटातल्या कागदांत नको, बाबांच्या पाकिटात हवे. शेजारच्या काकूंचा काढा कोणीही प्यायचा नाही.

निघण्याआधी डिसेंबरमध्ये आठवडाभर येतो. तोवर या विषयावर तुम्हाला जे बोलायचे असेल ते सगळे बोला, मी चिडणार नाही. बाबांनी "बरं" एवढेच म्हटले तर मात्र चालणार नाही.

तुमचा,
सचिन

ता.क. पेन्शनचा हयातीचा दाखला 30 नोव्हेंबरच्या आत द्यायचा आहे. बँकेत गर्दी असेल तर उन्हात उभे राहू नका. मोबाइलवरून चेहरा दाखवूनही तो देता येतो, तेवढे आपण रविवारी व्हिडिओ कॉलवर मिळून करू. आधार कार्ड आणि पेन्शनचे कागद काढून ठेवा.