बाळंतिणीच्या मनाचीही विचारपूस व्हावी : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मुंबईतल्या प्रसूतिगृहांमध्ये परिचारिका म्हणून माझी २७ वर्षे गेली. निवृत्त झाले तरी एक बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. गोवंडीहून आलेली, दुसऱ्या खेपेची. पहिले बाळ पोटातच गेलेले. तपासणीसाठी ट्रे सरकवल्याचा आवाज झाला आणि तिचे हात गार पडले, श्वास भरभर चालू लागला, नजर छताला खिळली. "नाटकं करू नकोस," असे आमच्यापैकीच कोणीतरी म्हणाले. मी तिला उठवून बसवले आणि म्हटले, "ताई, पाय खाली टेका. लादी कशी लागते, सांगा." बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गार." मग श्वास जेवढा घेतला त्याहून सावकाश सोडायला सांगितले, आणि "थांबा म्हणालात की मी थांबेन," असा शब्द देऊन, तिने मान हलवल्यावरच आतून तपासले. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नसतील. पण ती पाच मिनिटे मला नोकरीतल्या कोणत्याच प्रशिक्षणाने शिकवली नव्हती. एका समुपदेशक ताईंकडून मी ती ऐकून घेतली होती.

अवघड बाळंतपण, गेलेले मूल, घरातली मारहाण किंवा लहानपणी झालेला अत्याचार यांचा घाव घेऊन आलेल्या बाईला तेच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतात, बाळ निजले तरी तिचा डोळा लागत नाही आणि रुग्णालयाच्या नावानेच अंग कापते, म्हणून ती पुढच्या तपासणीला येत नाही. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र ती फक्त 'गैरहजर' असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत १५.६ टक्के गर्भवतींना आणि १९.८ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. मनावरचा असा आघात आणि नैराश्य एकच नव्हेत, पण पुष्कळदा ती एकाच बाईच्या वाट्याला येतात.

रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाईच्या घरी आशा सेविकेने ४२ दिवसांत ६ भेटी द्याव्यात, असा नियम आहेच. त्या भेटींत बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो, आईला रक्तस्रावाबद्दल विचारतात. झोप लागते का, कशाची भीती वाटते का, हे विचारायला वेगळी योजना लागणार नाही. फक्त ते कसे विचारावे हे शिकवावे लागेल, कारण सासूसमोर मारहाणीचा विषय काढणे त्या बाईच्याच अंगाशी येऊ शकते. आणि उत्तर मिळाल्यावर पुढे काय करायचे हे ठाऊक नसेल, तर विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम मानसोपचारतज्ज्ञांशिवाय कोणाला जमणार, अशी शंका घेतली जाईल. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात साध्या आरोग्यसेविकांनी नैराश्य असलेल्या गर्भवतींसोबत घरोघरी असे काम केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या मातांपैकी २३ टक्के, तर नेहमीच्याच भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के नैराश्यात होत्या. आपल्याकडेही वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्राने, हिंसा सोसणाऱ्या बाईला सरकारी दवाखान्यातच आधार देता येतो हे दाखवून दिले आहे.

म्हणून विनंती अशी, की महापालिकेला सोबत घेऊन प्रसूती कक्षातल्या परिचारिका, आया आणि आशा सेविका यांना ही कौशल्ये हाताला धरून शिकवावीत: हात लावण्याआधी विचारणे, घाबरलेल्या बाईला भानावर आणणे, मध्ये न बोलता ऐकणे आणि गरज दिसताच समुपदेशकाकडे सोबत जाणे. माता व बाल संरक्षण कार्डावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा. सुरुवात गोवंडी-मानखुर्दच्या एम पूर्व विभागातून झाली, तर पहिल्या तुकडीला शिकवायला मी विनामोबदला येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, मुंबई