फलकावरही लिहा

तालुक्याच्या एका महाविद्यालयात माझी भाची बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या ग्रंथालयाच्या सूचना हल्ली फक्त व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर येतात. घरात स्मार्टफोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतात. परीक्षेसाठी जादा पुस्तके मिळणार, ही सूचना तिने रात्री वाचली तेव्हा मुदत संपली होती. दारातल्या फलकावर मात्र गेल्या वाचन प्रेरणा दिनाचे पोस्टर अजून तसेच!

समाजमाध्यमांना माझा विरोध नाही. नवी पुस्तके आल्याचे कळायला ती सोयीचीच. पण 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेले सूत्र मोबाइल असणाऱ्यांपुरते नव्हते. 'एन-लिस्ट' योजनेतून अनुदानित महाविद्यालयांना हजारो ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके वाचता येतात. त्याचे लॉगिन ई-मेलवर मिळते, आणि ई-मेल उघडायचा कशावर? ग्रंथालयातले दोन संगणक संध्याकाळी सहापर्यंत विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवावेत. प्रत्येक सूचना फलकावर खडूने लिहावी. त्याला निधीची गरज नाही.

— एक पालक, जि. बीड