नखांची ॲलर्जी पापण्यांवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृत्रिम नखांविषयी पुरवण्यांमधून हल्ली बरेच छापून येते. रंग, आकार आणि टिकाऊपणा यांची वर्णने त्यात असतात, पण ही नखे कशाची बनतात आणि कोणाला बाधू शकतात, याबद्दल एखादे वाक्यही सहसा सापडत नाही. घरी जेल पॉलिश लावण्याच्या हौसेची किंमत मोजलेली वाचक म्हणून ही उणीव आपल्या नजरेस आणावी, एवढ्यासाठी हे पत्र.

माझ्या बाबतीत निमित्त झाले ते पापण्यांचे. एके सकाळी वरच्या दोन्ही पापण्या लाल होऊन सुजल्या, पुढे त्यांवर कोरडे पापुद्रे धरू लागले आणि डोळे चोळल्याशिवाय राहवेना. मी आधी काजळ बंद केले, मग साबण बदलला, मग उशीचे अभ्रे गरम पाण्यातून काढले. नखांकडे लक्षच गेले नाही, कारण नखे अगदी झकास दिसत होती. बोटांच्या टोकांना चिरा पडू लागल्यावर गाठलेल्या त्वचारोगतज्ज्ञांचा पहिलाच प्रश्न होता, "नखांना काय लावता?" ॲलर्जी नेमकी कशाची, हे शोधणाऱ्या पॅच टेस्टच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या दोन दिवसांनी काढल्या आणि आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा तपासली, तेव्हा एका चौकोनात बारीक फोडांचा लाल, खाजरा ठिपका उठलेला होता. त्या चौकोनातल्या द्रव्याचे नाव हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट. इंग्रजी आद्याक्षरे जोडून त्याला 'हेमा' म्हणतात, हे कळल्यावर त्याही अवस्थेत मला हसू आले.

जेल पॉलिश असो वा पावडर आणि द्रव मिसळून चढवलेली ॲक्रिलिक नखे असोत, मूळ प्रक्रिया एकच आहे. ॲक्रिलेट किंवा मेथाक्रिलेट वर्गातले सुटे, लहान रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्यांच्या लांब साखळ्या होतात, म्हणजेच नखावरच प्लॅस्टिक तयार होते. ॲक्रिलिकमध्ये ही गुंफण पावडरीतले बेन्झॉइल पेरॉक्साइड सुरू करते, तर जेलमध्ये ज्या खास दिव्याखाली बोटे धरतात त्याचा प्रकाश. पूर्ण घट्ट झालेल्या प्लॅस्टिकचा त्रास फारसा होत नाही. ॲलर्जी जडते ती सुट्या राहिलेल्या रेणूंमुळे. दिव्याखालून बोट काढल्यावर जेलवर जो चिकट थर हाताला लागतो, तो याच कच्च्या द्रव्याचा असतो, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावरची गुंफण अपुरी राहते. अल्कोहोलच्या बोळ्याने तो पुसताना बोळा आजूबाजूच्या कातडीवरूनही फिरतो. शिवाय रंग नखाबाहेर ओघळला, थर जाड बसला किंवा एका कंपनीचे जेल भलत्याच दिव्याखाली धरले, तर कच्चे द्रव्य कातडीला लागते वा नखावर आतल्या आत उरते, आणि वरून नख कडक लागत असल्याने त्याचा पत्ताही लागत नाही. मी हे तिन्ही प्रकार केले होते. पापणीची कातडी अतिशय पातळ असते आणि बोटे दिवसभरात नकळत कितीदा तरी चेहऱ्याला लागतात, त्यामुळे नखाचे दुखणे डोळ्यांवर उमटते.

ही ॲलर्जी उशिराने प्रकट होते, म्हणूनच "इतके दिवस तर काही झाले नाही" या युक्तिवादाला अर्थ नाही. अनेक वेळा निमूट सोसलेले द्रव्य शरीराने एकदा वैरी ठरवले की पुढे किंचित स्पर्शही पुरतो, आणि ही संवेदनशीलता बहुधा जन्मभर राहते. याच वर्गातली रसायने दातांत भरण्याच्या मिश्रणात, सांधे बदलताना वापरल्या जाणाऱ्या सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या अंगावरील काही ग्लुकोज सेन्सरच्या चिकट भागात असतात. दंतवैद्यांच्या खुर्चीत बसण्यापूर्वी हे सांगायला हवे, हे मला वयाच्या या टप्प्यावर शिकावे लागले.

ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. तपासलेल्यांपैकी २.४ टक्के रुग्णांना या वर्गातल्या एका तरी रसायनाची ॲलर्जी आढळली होती. हे प्रमाण चाचणीसाठी आलेल्या रुग्णांमधले आहे, सर्वसाधारण लोकांमधले नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने हेमा असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरती मर्यादित केली आणि ॲलर्जीचा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. मात्र व्यावसायिक म्हणजे सुरक्षित, असेही नाही. दिवसभर हीच द्रव्ये हाताळणाऱ्या पार्लरमधल्या मुलींना धोका अधिक आहे, कारण लेटेक्सच्या पातळ हातमोज्यांतून हे रेणू काही मिनिटांत आरपार जातात. नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे थोडा वेळ टिकतात, पण तेही वरचेवर बदलावे लागतात.

आता 'हेमामुक्त' असे ठळक लिहिलेल्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. त्यांत हेमा नसेलही, पण तिची भावंडे असतात, आणि एकीची ॲलर्जी असलेल्याला दुसरीचीही होऊ शकते. मी घेतलेल्या संचात घटकद्रव्यांची यादी बाटलीवर नव्हतीच. ती खोक्यातल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत होती आणि तो कागद मी पहिल्याच दिवशी खोक्यासकट टाकून दिला होता.

माझी आपणास विनंती एवढीच आहे की, यापुढे नखांच्या सजावटीवर मजकूर येईल तेव्हा त्यासोबत या द्रव्यांची नावे, ती कातडीला लागू न देण्याची सूचना आणि पापण्या सुजल्यास नखांचाही विचार करावा ही एक ओळ मराठीत अवश्य छापावी. उत्पादकांनीही ती बाटलीवरच, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत द्यावी.

आपली,
एक वाचक